पिकअपला रीमॅप करावा की ट्यूनिंग बॉक्स? मदत हवी आहे

मंडळी, इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून (रीमॅप) ताकद वाढवावी की बाहेरून जोडायच्या डबीने (ट्यूनिंग बॉक्स), ठरत नाहीये. गाडी २०१८ ची इसुझू व्ही-क्रॉस, २.५ लिटर डिझेल, बीएस-४. कंपनीच्या आकड्यात १३४ बीएचपी ताकद, ३२० एनएम टॉर्क. खानापूरहून चोर्ला घाटाने गोव्याला महिन्यातून दोन-तीन फेऱ्या, मागे चारशे-पाचशे किलो माल. चढणीच्या वळणावर आरपीएम पडला की टर्बो भरेपर्यंत गाडी दम खाते.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवे. इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणारा) पाइप बेळगावच्या उद्यमबागेत तपासले, गळती नाही. ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह) साफ केला. स्कॅनरवर बिघाडाचे कोड शून्य. म्हणजे दुखणं नाही, हावच म्हणा.

वॉरंटी संपलीय. क्लच मूळचाच, म्हणून जास्त टॉर्क नको. काळा धूर आणि आवाजाचा सायलेन्सर तर नकोच, पीयूसी आणि विमा दोन्ही सांभाळायचेत. बजेट चाळीस हजार.

एक ट्यूनर म्हणतो रीमॅपची तयार फाइल टाकतो, तासाभराचं काम. डायनो (ताकद मोजायचं यंत्र) नाही, लॉगिंग (चालत्या गाडीच्या सेन्सरच्या नोंदी) नाही. मूळ फाइलची प्रत मागितली तर हसला. तिथूनच परतलो.

बेळगाव, कोल्हापूर किंवा गोव्यात डायनोवर आधी-नंतर मोजून, याच इंजिनचं सौम्य स्टेज-१ (पार्ट न बदलता फक्त रीमॅप) कुणी करून घेतलंय का? आणि त्यानंतर मूळ क्लच किती किलोमीटर टिकला?