विमानप्रवासातील अंतर आणि वेळ : आपले अनुभव

दोन विमानतळांमधले अंतर ठरलेले असते; प्रवासाला लागणारा वेळ मात्र वाट, वारा आणि धावपट्टीवरची गर्दी यांवर अवलंबून असतो. तिकिटावरची वेळ आणि प्रत्यक्ष उड्डाण यांत आपल्याला कोणता फरक जाणवला, तो कोणत्या मार्गावर आणि कोणत्या दिशेने जाताना, हे कृपया सविस्तर लिहावे.

मुंबई–दिल्ली
सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे, त्यामुळे ताशी साडेआठशेच्या वेगाने दीड तासही लागू नये, असा हिशेब कोणीही मांडेल. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ असते, कारण ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. कामानिमित्त या मार्गावर माझी नेहमी ये-जा असते. एकदा उतरण्याआधी विमान एका बाजूला कलून घिरट्या घालत राहिले; खिडकीतून नदीचे तेच वळण पुन्हा पुन्हा दिसत होते आणि समोरच्या पडद्यावर उरलेले अंतर कमी होण्याऐवजी मधूनच वाढत होते. तरीही आम्ही ठरल्या वेळी पोहोचलो, कारण अशा खोळंब्याची तरतूद वेळापत्रकात आधीच केलेली असते. प्रवाशाच्या दृष्टीने ही तरतूद मला योग्यच वाटते.

लंडन–न्यूयॉर्क
अंतर दोन्ही दिशांना सारखेच, सुमारे साडेपाच हजार किलोमीटर. पण जाताना आठ तासांच्या आसपास लागतात आणि परतताना साधारण तासभर कमी. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा वेगवान झोत वाहतो आणि हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. परतीच्या प्रवासात पडद्यावरचा वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर गेलेला मी पाहिला आहे. हा वेग जमिनीच्या संदर्भातला असतो. भोवतालच्या हवेतून विमान नेहमीच्याच वेगाने जात असते.

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को
जवळची वाट सोडून लांबची धरली तर वेळ वाचतो, हे मला या मार्गामुळे नीट उमगले. एअर इंडियाने २०१६ मध्ये हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेण्यास सुरुवात केली. सुमारे १५,३०० किलोमीटरची ती वाट आधीच्या वाटेपेक्षा जवळजवळ चौदाशे किलोमीटरने लांब होती. पण अटलांटिकवरून जाताना जो वारा समोरून येई, तोच इकडून पाठीशी मिळाल्याने प्रवास साडेचौदा तासांत झाला आणि सुमारे दोन तास वाचले. ही माहिती कळल्यापासून मी तिकीट घेताना किलोमीटर पाहतच नाही.

मुंबई–दुबई
तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात आणि दुबईचे घड्याळ दीड तास मागे आहे, त्यामुळे नुसती वजाबाकी केली तर जाताना प्रवास दीड तासाने कमी आणि येताना तितकाच जास्त भासतो. पुढचे जोडविमान असेल तेव्हा मी सगळ्या वेळा आधी एकाच घड्याळावर आणून घेते.