लिंट्सचं आर्स इलेक्ट्रॉनिका: दोन दिवसांत काय बघावं?

म्युनिककर_नवा
सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रियातल्या लिंट्सला आर्स इलेक्ट्रॉनिका फेस्टिव्हलला जायचं ठरवतोय, म्युनिकहून ट्रेनने. बायको चित्रं काढते, मी सॉफ्टवेअरवाला, लेक दहा वर्षांची. प्रोग्राम उघडला तर डोकंच गरगरलं, हे विज्ञान प्रदर्शन आहे की कला प्रदर्शन तेच कळेना. दोनच दिवस हाताशी आहेत, सुरुवात कुठून करू? आणि लेक कंटाळेल का?

रंगरेषा
जा म्हणजे जाच! दोन्ही आहे, आणि वेगळं करायला गेलात तर मजाच जाईल. १९७९ पासून चाललंय हे. एकच उदाहरण देते. १९९९ मध्ये एदुआर्दो काक यांनी तिथे 'जेनेसिस' मांडलं होतं. बायबलमधलं एक वाक्य घेऊन ते मोर्स कोडमध्ये लिहिलं, त्यावरून डीएनएची अक्षरं बनवली, तसा जीन तयार करून बॅक्टेरियात घातला. पुढे जगातला कोणीही इंटरनेटवरून त्या बॅक्टेरियांवरचा अल्ट्राव्हायोलेट दिवा लावू शकत होता, त्याने म्युटेशन व्हायची, आणि शेवटी डीएनए परत वाचला तर वाक्यातली अक्षरं बदललेली! आता सांगा याला प्रयोग म्हणायचं की कलाकृती? तुम्ही आणि वहिनी यावर रात्रभर बोलत बसाल.
माझा सल्ला, सगळं बघायच्या मागे लागू नका. खूप ठिकाणी, विशेषतः युनिव्हर्सिट्यांच्या प्रदर्शनात, ज्यांनी ते केलंय ती मुलं स्वतः शेजारी उभी असतात. हे कसं चालतं, सेन्सर कुठला, बिघडलं तर काय करता असं सरळ विचारा, इतकं भरभरून बोलतात ना! एका कामापाशी अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

डॅन्यूबकाठ
लेकीची काळजी नको. 'क्रिएट युअर वर्ल्ड' नावाचा भाग खास मुलांसाठी असतो, तिथे हाताने करून बघायचं असतं. आणि डॅन्यूब नदीपलीकडे, निबेलुंगेन पुलाच्या टोकाला आर्स इलेक्ट्रॉनिका सेंटर हे म्युझियम आहे, त्यातला डीप स्पेस चुकवू नका. १६ मीटर रुंद आणि ९ मीटर उंच भिंत, तेवढीच खाली जमीन, दोन्हींवर एकदम चित्र पडतं त्यामुळे आपण त्याच्या आतच उभे असतो. आमचा मुलगा जमिनीवरच बसला आणि उठायला तयार नव्हता. शोला जागा मर्यादित असते, जरा लवकर जा.
मुख्य जागा दरवर्षी तीच असेल असं नाही, त्या वर्षीचा नकाशा बघूनच निघा. पोस्टसिटीत असेल तर सोपं, ते जुनं टपाल केंद्र स्टेशनला लागूनच आहे आणि पार्सलं खाली सोडायच्या गोल गोल घसरगुंड्या अजून तशाच आहेत, लेक खूश होईल. हॉटेल मात्र आत्ताच बघा, त्या आठवड्यात गाव भरून जातं.

कोडवाला७
सॉफ्टवेअरवाल्यांनी तर जायलाच हवं. त्यांचं गोल्डन निका हे बक्षीस १९९९ ला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमला आणि २००४ ला विकिपीडियाला मिळालंय, म्हणजे आपण रोज वापरतो त्याकडे यांनी केव्हाच संस्कृती म्हणून बघितलं होतं. मला हेच सगळ्यात जास्त आवडतं.
रंगरेषाताईंशी एका बाबतीत सहमत नाही, काही कामं नुसत्या भारी शब्दांवर उभी असतात. भिंतीवरचं लांबलचक लिखाण वाचत बसू नका, आधी वस्तू बघा, ओढली गेली नजर तर थांबा नाहीतर पुढे चला.
आणि क्लांगवोल्क, म्हणजे संध्याकाळचा संगीत-प्रकाशाचा मोठा खेळ, त्या दोन दिवसांत येत असेल तर डोनाउपार्कमध्ये संध्याकाळीच जागा धरा. उघड्यावर, तिकीट नाही, नदीकाठी हजारो लोक. पहिल्या वर्षी ब्रुकनर या संगीतकाराची आठवी सिम्फनी ऐकवली होती, २०१२ ला ४९ ड्रोन एकदम आकाशात उडवले होते, तेव्हा असलं काही कोणी पाहिलंच नव्हतं.

म्युनिककर_नवा
वा, मनापासून आभार सगळ्यांचे! मग पहिला दिवस युनिव्हर्सिटीवाल्यांचा आणि लेकीचा भाग, दुसऱ्या दिवशी सकाळी डीप स्पेस. पावसात क्लांगवोल्क होतं का?

डॅन्यूबकाठ
हलक्या पावसात होतं बहुतेक, पण त्या दिवशीची सूचना बघा. रेनकोट घ्या, छत्री नको, मागच्यांना काही दिसत नाही.