गणित-विज्ञानाच्या तासाला कला आणि साहित्य नेमके कसे आणावे?

प्रश्न : झाडीपट्टीतील शिक्षिका

नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला गणित, विज्ञान आणि गरजेप्रमाणे इतिहास शिकवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला-समेकित अध्यापनाचा, म्हणजे कलेच्या माध्यमातून विषय शिकवण्याचा, उल्लेख आल्यापासून त्याविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु पाढ्यांना चाल लावणे किंवा धडा संपल्यावर चित्र काढून भिंतीवर चिकटवणे, एवढ्यावरच ते बहुधा थांबते. मुले त्यात रमतात, मात्र विषयाची समज वाढते का, याविषयी मला शंका आहे. आमच्याकडे रंग आणि कार्डशीटचा तुटवडा असतो. उलट दंडार हे लोकनाट्य, नाटक, भजन, ठिपक्यांची रांगोळी, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी हे सारे मुलांच्या चांगल्या परिचयाचे आहे. नेहमीच्या तासिकेत बसेल आणि विषयाला धरून राहील असे काही कोणी केले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : गणित व मराठी, यवतमाळ जिल्हा

आपली शंका रास्त आहे. चाल लावलेला पाढा पाठ होतो, पण सात आठे छप्पन्नच का, हे चाल सांगत नाही. ज्या कलेच्या पोटातच विषयाचा प्रश्न आहे, तीच वर्गात न्यावी, असे माझे मत झाले आहे.

कवितेच्या मात्रा हे त्याचे उत्तम उदाहरण. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन, एवढे सांगून वर्गाला विचारावे, की चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? मुले टाळ्या वाजवून पाच प्रकार शोधतात. एका मात्रेसाठी १, दोनसाठी २, तीनसाठी ३, चारसाठी ५, पाचसाठी ८ असे उत्तर फळ्यावर येत जाते. सूत्र आपण सांगायचे नाही. आठ मात्रांचे ३४ प्रकार टाळ्यांनी मोजताना गोंधळ उडतो आणि नियमाची गरज मुलांना तिथेच भासते. ओळीचे शेवटचे अक्षर लघू असेल तर त्याआधी एक मात्रा कमी असलेली ओळ उरते, गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली. म्हणून प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. ही मालिका इटालियन गणिती फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते आणि त्याचा ग्रंथ १२०२ सालचा आहे. परंतु विरहांक आणि बाराव्या शतकातील हेमचंद्र या भारतीय अभ्यासकांनी छंदांचा विचार करताना ती त्याच्या आधीच मांडली होती. मोजणीला एक तासिका पुरते. कारण शोधायला दुसरा दिवस द्यावा, घाई करू नये.

रांगोळीतून सममिती बहुतेक जण शिकवतातच, त्यामुळे त्यावर वेगळे लिहीत नाही.

उत्तर २ : इतिहास, चंद्रपूर जिल्हा

धान निघाले की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगावी रात्रभर प्रयोग करतात, त्यामुळे प्रवेश कसा रचायचा हे तुमच्या मुलांना शिकवावे लागणार नाही. १६ ऑगस्ट १९४२ च्या चिमूरच्या उठावावर त्यांच्याकडून एक प्रवेश लिहून घ्यावा. अट एकच : प्रत्येक संवादातील माहिती कोठून घेतली, पाठ्यपुस्तकातून, गावातील वृद्धांच्या आठवणीतून, की ती निव्वळ कल्पना आहे, हे वहीच्या समासात नोंदवायचे. एखादा शिपाई किंवा सरकारी कारकूनही पात्र म्हणून ठेवावा, कारण विरुद्ध बाजूचे संवाद लिहिताना घोषणांवर भागत नाही. वेशभूषेत वेळ घालवू नये. बसून वाचन केले तरी पुरे. गुण अभिनयाला नव्हे, समासातील नोंदींना द्यावेत.

उत्तर ३ : निवृत्त मराठी शिक्षक, बुलडाणा जिल्हा

साहित्याच्या बाजूने एक तक्रार नोंदवतो. कविता विज्ञानाच्या तासाला नेली, की तिच्यातील झाडे-पक्षी मोजून घेतले जातात आणि कविता मात्र वाचायचीच राहते. तशी न्यायची असेल तर आधी ती नीट मोठ्याने वाचावी. शिवाय प्रत्येक घटकाला कलेची जोड हवीच असे नाही. वर्गमूळ काढण्याची रीत शिकवायला खडू-फळा पुरेसा आहे.

जोड खरोखर जमते ती आमच्या लोणारसारख्या ठिकाणी. विष्णूने लोणासुराचा वध केल्याची कथा तेथे सांगितली जाते आणि दैत्यसूदन मंदिर त्याच कथेशी जोडलेले आहे. तर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर बेसॉल्ट खडकात अशनीच्या आघाताने तयार झाले. कथा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि खडक कोणत्या, अशी चर्चा आठवीच्या वर्गात कथेची टिंगल न करता उत्तम होऊ शकते.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. माझ्या वर्गात सहावी-सातवी एकत्र बसतात आणि काही मुलांची घरची भाषा माडिया आहे. समासातील नोंदी त्यांना जमतील का?

उत्तर २ : इतिहास, चंद्रपूर जिल्हा

संवाद माडियात किंवा झाडीबोलीत खुशाल लिहू द्यावेत. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांनी ते बोलावेत आणि सातवीच्या मुलांनी उतरवून घ्यावेत. नोंदीसाठी सहावीला पूर्ण वाक्य नको. पुस्तकासाठी ‘पु’, आठवणीसाठी ‘आ’ आणि कल्पनेसाठी ‘क’ अशा तीन खुणा ठरवून द्याव्यात. पहिल्या मसुद्यात बहुतेक समास ‘क’नेच भरतील, तो मसुदा जपून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या मसुद्याशी ताडून पाहता येईल.