प्रतिसाद: गच्चीच्या कठड्यावरचं शेवाळ आणि मोरचूद

शेवाळ घालवायला कठड्यावर मोरचुदाचं (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार) नुसतं पाणी मारू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया मारू नका. मोरचूद पाण्यात पूर्ण विरघळतं. पुण्यातल्या एका जोरदार सरीत ते पन्हाळीतून थेट गटारात आणि पुढे मुठा नदीत जातं. तांबं माशांना फार विषारी आहे.

शेवाळ आणि बुरशीला मारतात ते तांब्याचे आयन, म्हणजे पाण्यात सुटणारे विद्युतभारित कण. ते थोडे-थोडे, सावकाश सुटले पाहिजेत. म्हणून क्युप्रस ऑक्साइडसारखं तांब्याचं जवळजवळ न विरघळणारं संयुग रंगात घालतात. बोटींच्या तळाला लावायच्या रंगात तेच असतं. द्राक्षवाले बुरशीवर फवारतात ते बोर्डो मिश्रण याच जातीचं: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. चुन्यामुळे तांबं न विरघळणाऱ्या रूपात येतं आणि पानाला चिकटून राहतं.

कोथरूडला आमच्या उत्तरेकडच्या भिंतीवर एसीच्या तांब्याच्या नळीखाली वीतभर पट्टा भर श्रावणातही स्वच्छ दिसतो, शेजारी हिरवंगार! पण आधी ओल कुठून येते ते शोधा, शेवाळ ब्रशने खरवडा, मगच असा तांब्याचा रंग लावा. पिण्याच्या टाकीच्या आत मात्र यातलं काहीही लावू नका. आणि मोरचूद लोखंडी बादलीत कालवू नका, बादली खाऊन टाकतं.