छातीवरचा कॅमेरा: वर्दीतल्यांचे अनुभव

निवृत्त हवालदार, डिचोली
काल म्हापशात एका तरुण शिपायाने तालांव (दंडाची पावती) देण्यापूर्वी छातीवरच्या कॅमेऱ्याचे बटण दाबले आणि मला नोकरीतली एक दुपार आठवली. मद्यधुंद पर्यटकाने मी लाच मागितल्याची तक्रार केली होती. मी ती मागितली नव्हती, पण माझ्या बाजूने माझ्या शब्दाखेरीज काहीच नव्हते आणि चौकशी संपेपर्यंत घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तेव्हा कॅमेरा असता तर मी सुटलो असतो. मात्र त्या काळी कोणी तो लावायला सांगितला असता, तर सर्वांत आधी मीच भडकलो असतो. ज्यांनी तो वापरला आहे, त्यांनी लिहावे.

वाहतूक शिपाई, पणजी
सुरुवातीला चोर सोडून आमच्यावरच पाळत ठेवली आहे, असे वाटे. आता हुज्जत घालणाऱ्याला "रेकॉर्डिंग चालू आहे" असे सांगितले की आवाज खाली येतो. अडचण बॅटरीची आहे, कारण ती नेमकी संध्याकाळच्या गर्दीत संपते.

पोलिसाची पत्नी, फोंडा
आमच्या ह्यांना लोकांची नव्हे, साहेबांची भीती आहे. चहा घेताना वरिष्ठांविषयी दोन शब्द निघाले आणि ते कॅमेऱ्यात राहिले, तर काय करायचे?

निवृत्त हवालदार, डिचोली
वहिनी, ती भीती आमच्या वेळी वायरलेसचीही होती!

वकील, मडगाव
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते, त्यामुळे तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच उरत नाही. रस्त्यावरचे काम मात्र वेगळे आहे. कॅलिफोर्नियातील रिआल्टो येथे कॅमेरे आल्यावर तक्रारी आणि बळाचा वापर खूप घटला, तर वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर केलेल्या प्रयोगात लक्षणीय फरक आढळला नाही. माझ्या एका अशिलाच्या वेळी कॅमेरा होता, पण झटापटीची तेवढीच मिनिटे त्यात नव्हती.

वाहतूक शिपाई, पणजी
वकीलसाहेब, ते खरे आहे. बटण आमच्याच बोटाखाली असते आणि ते दाबायला विसरलो की खरोखर विसरलो, हे साहेबांनाही पटत नाही.