रोबोच्या काळात वेल्डर ट्रेड घ्यावा का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ आयटीआयमध्ये वेल्डरच्या एक वर्षाच्या ट्रेडला प्रवेश घेणार आहे. चाकण परिसरातील वाहन कारखान्यांत गाड्यांचे सांगाडे रोबोच जोडत असताना हा ट्रेड घेणे शहाणपणाचे ठरेल का? अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : ही भीती जुनी आहे. १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात बसवलेला युनिमेट हा रोबो डाय-कास्टिंगच्या (वितळलेला धातू साच्यात दाबून भाग घडवण्याच्या) यंत्रातून तापलेले भाग बाहेर काढत असे. स्पॉट वेल्डिंग, म्हणजे पत्रे ठिपक्याठिपक्यांनी जोडण्याचे काम, त्याच्या भावंडांकडे पुढे आले. मात्र रोबोला शिकवलेली वाट ठाऊक असते, समोरचा जॉब (जोडायचा भाग) नव्हे. दोन पत्र्यांमध्ये मिलिमीटरभर जास्त गॅप राहिली, तरी टॉर्च (वेल्डिंग करणारे हत्यार) ठरल्या वाटेनेच जाते आणि सांधा तिथे कच्चा राहतो. हाताने काम करणारा वेल्डर अशा वेळी नकळत मनगट वळवतो, गती कमी करतो. सांधा शोधणारे सेन्सर मिळतात, पण सुटे भाग पुरवणाऱ्या लहान व्हेंडरांकडे ते मला क्वचितच दिसले. त्यामुळे पेंडंट (रोबोला सूचना देण्याचा हातातला नियंत्रक) हाती घेऊन रोबोला वाट शिकवणारा आणि टॉर्चच्या नोझलमध्ये स्पॅटर (उडालेले वितळलेल्या धातूचे थेंब) साचल्याचे आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या विद्युत ज्योतीच्या, नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस मुळात वेल्डर असलेला बरा.

उत्तर २ : वरील मत मान्य आहे, परंतु पेंडंट एखाद्याच्याच हाती असतो, फिक्स्चरमध्ये (भाग पक्का धरणाऱ्या साच्यात) जॉब लावणारे-काढणारे पुष्कळ, आणि त्यांतले बहुतेक कंत्राटी. मी एका पुरवठादाराकडे हेच काम केले आहे. धूर आणि ठिणग्यांपासून सुटका झाली, हा लाभ मी कमी लेखत नाही. पण रोबोची फेरी संपण्याच्या आत पुढचा जॉब लागलाच पाहिजे, आणि पाणी प्यायला जायचे तरी जागेवर कोणाला तरी उभे करावे लागे. भावाला नोकरी घेताना काम प्रोग्रामिंगचे की केवळ लोडिंगचे, हे आधी विचारायला सांगावे.

उत्तर ३ : चाकणबाहेरही वेल्डिंग आहे! साखर कारखान्यात गाळप चालू असताना, उसावरची पकड टिकावी म्हणून, फिरत्या रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे ठिपके द्यावे लागतात, तेही रस अंगावर उडत असताना. बॉयलरच्या नळ्यांची दुरुस्तीही अशीच अडचणीच्या जागी होते. भावाने पाइप वेल्डिंगचा सराव मात्र आवर्जून करावा.