चार पॅनेलं लावली म्हणजे चिंता मिटली?

क्षितिजापार: काल ‘पोलादी’ यांनी लिहिलं, “फिरतं रडार आता भंगार. डेस्ट्रॉयर युद्धनौकेला चारी बाजूंनी एईएसए पॅनेलं (न फिरता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने किरण वळवणारी सपाट रडारं) लावा, क्षेपणास्त्राची चिंता मिटली.” वाचून राहवलं नाही. पृथ्वी गोल आहे हो! अँटेना 25 मीटरवर आणि क्षेपणास्त्र पाण्यापासून 5 मीटरवर असेल, तर ते जेमतेम 30 किलोमीटरवर दिसतं. तिथून पोचायला सबसॉनिकला, म्हणजे आवाजापेक्षा हळू येणाऱ्याला, दीड-पावणेदोन मिनिटं, ब्राह्मोससारख्याला अर्धं मिनिट. पॅनेलं जड, म्हणून खाली बसवावी लागतात. ब्रिटिशांच्या टाइप 45 डेस्ट्रॉयरवरचं सॅम्पसन रडार फिरतं, पण डोलकाठीच्या टोकावरून बघतं.

पोलादी: आणि मिनिटाला 30 फेरे मारतं. दोन तोंडं धरूनही एका दिशेला सेकंदातून एकदाच नजर. स्थिर पॅनेल संशय आला की त्याच क्षणी परत तिथे बघतं. आपल्या आयएनएस कोलकातावर एमएफ-स्टार हे स्थिर पॅनेलांचं रडार उगाच बसवलं नाही.

जुना ऑपरेटर: तुम्ही अँटेनावरून भांडताय, स्क्रीनसमोरच्या माणसाचं कोण बोलणार? मी बसलोय तिथे. समुद्र खवळला की लाटांचेच ठिपके. वरिष्ठ वैतागले, “गेन (रडारची संवेदनशीलता) कमी कर.” केला. ठिपके गेले, त्यांच्याबरोबर एक मचवाही गेला. नंतर बोलणी मलाच. 1982 मध्ये क्षेपणास्त्र लागलं त्या ब्रिटिश शेफिल्ड जहाजावर उपग्रहावरून संभाषण चालू होतं, त्यात शत्रूचं रडार ऐकणारी यंत्रणा बहिरी झाली.

पोलादी: ते जुनं जहाज. एजिस या अमेरिकी रडार-क्षेपणास्त्र यंत्रणेचं बोला.

जुना ऑपरेटर: बोलतो. 1988, अमेरिकेचं एजिसवालं जहाज विन्सेन्स. चार स्थिर पॅनेलं होती. इराणचं प्रवासी विमान वर चढतंय, हे यंत्रणेने बरोबर नोंदलं. माणसांनी खाली येतंय असं सांगितलं. विमान पाडलं, 290 जीव गेले.

पोलादी: विषय क्षेपणास्त्रांचा आहे! माणसं चुकली यात रडारचा काय दोष?

जुना ऑपरेटर: दोष दिलाच नाही. आवाज खाली घ्या. अर्ध्या मिनिटात निर्णय कोण घेणार, एवढंच विचारतोय. पहाटेच्या वॉचला डोळे तारवटलेला पोरगा?

क्षितिजापार: म्हणूनच उंची हवी. मिळालेला प्रत्येक सेकंद त्या पोराचा आहे.

पोलादी: बरं, उंचीचं मान्य. पण फिरतं ते भंगारच.

क्षितिजापार: एप्रिल 2024 मध्ये एचएमएस डायमंड या टाइप 45 जहाजाने येमेनच्या हुथींचं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र पाडलं, ते याच भंगारावर?

पोलादी: बॅलिस्टिक उंचावरून येतं, तिथे तुमचं क्षितिज आडवं येतच नाही. पाण्याला चिकटून चार दिशांनी एकदम आली तर काय, ते सांगा.